मदत हवी आहे: बॅडलँड्स (अमेरिका), आरव्ही म्हणजे घरगाडी, एकच दिवस (अर्जंट)

चकली: उद्या पहाटे सू फॉल्सहून निघतोय. साउथ डकोटातलं बॅडलँड्स नॅशनल पार्क एका दिवसात बघून रात्री तिथल्या सेज क्रीक कॅम्पग्राउंडला मुक्काम. फुकट आहे म्हणतात. परवा माउंट रशमोर. जमेल ना? लवकर सांगा, नवरा निवांत घोरतोय.

सह्यकडा: आरव्ही केवढी? माणसं किती?

खटपट्या: डोळे झाकून सेज क्रीक! आम्ही पहाटे दार उघडलं तर वीस पावलांवर बायसन रवंथ करत बसलेला. चहा हातातच गार झाला.

सह्यकडा: तुमची व्हॅन असणार. तिथे १८ फुटांच्या वरची आरव्ही चालत नाही. रस्ता कच्चा, वीज नाही, पाणीही नाही. चकली, लांबी सांगा आधी.

चकली: २८ फूट, भाड्याची. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात.

सह्यकडा: अहो, हेच आधी लिहायचं ना! सेज क्रीक विसरा, पार्कमधलंच सीडर पास कॅम्पग्राउंड बघा. आय-९० हायवेवर एक्झिट १३१ घ्या, २४० नंबरच्या लूप रोडने फिरत वॉल गावाजवळ एक्झिट ११० ला बाहेर पडा. सगळा डांबरी रस्ता. सासूबाईंना विंडो ट्रेल ही पायवाट, जेमतेम पाव मैल, तीही फळ्यांवरून. नॉच ट्रेलला लाकडी शिडी आहे, तिकडे नको. आणि वाटेत टाइमझोन बदलतो, घड्याळ एक तास मागे जातं.

खटपट्या: शिडीचं काय घेऊन बसलात? माझी आई ६८ व्या वर्षी चढली.

सह्यकडा: त्यांचे गुडघे दुखत होते का?

ताकभात: फ्रिजच्या दाराची कडी नीट लावा. पहिल्याच वळणावर आमचं इडलीचं पीठ अख्ख्या गाडीभर झालं, मॅटखालून अजून वास येतो. वॉलमधल्या वॉल ड्रग दुकानात पाच सेंटची कॉफी घ्या. बर्फाचं पाणी तर १९३६ पासून फुकट देतात.

नदीकाठ: एवढ्या लांब कशाला? आपल्या निघोजचे रांजणखळगे बघा की.

भूगोलवाला: ते कुकडीने गोटे फिरवून बसाल्टात कोरलेले. बॅडलँड्सला गाळ आणि ज्वालामुखीची राख, वर्षाला इंचभर झिजते. पाऊस पडला तर मात्र चढू नका, साबणासारखं होतं.

नदीकाठ: मी खड्ड्यांबद्दल बोलत होतो, शाळेत नव्हतो बसलो.

चकली: भांडण नंतर. सीडर पास फुल्ल दाखवतंय!!

सह्यकडा: वॉल नाहीतर इंटिरिअर गावात खाजगी कॅम्पग्राउंड आहेत. वेबसाइट बघत बसू नका, फोन करा. लांबी २८ फूट हे पहिल्या वाक्यात सांगा.

चकली: मिळाली! वॉलला, हुकअपसकट (वीज-पाण्याची जोडणी). सह्यकडा, जेवायला या आमच्याकडे. सासूबाई विचारतायत, कुकर घ्यायचा का?

ताकभात: घ्या. शिट्टी पण घ्या, आम्ही विसरलो होतो.

खटपट्या: एक सांगायचं राहिलं. तिथल्या ट्रेलवर कुत्र्यांना बंदी आहे. तुमच्याकडे नसेलच म्हणा.

चकली: आहे.

सह्यकडा: 🙏