अपडेटनंतर बाहेरचा मॉनिटर काळा: तुमचे अनुभव लिहा

अपडेट झाला, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, आणि त्याला जोडलेला मोठा मॉनिटर मात्र 'नो सिग्नल' दाखवून काळा पडला. माझ्याकडे नुकतंच हे झालं आणि ओळखीत बऱ्याच जणांकडे झालेलं ऐकलं, म्हणून हा धागा.

नवा मॉनिटर घ्यायच्या आधी एक गोष्ट जरूर बघा. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा. अगदी सुरुवातीचा लोगो बाहेरच्या मॉनिटरवर उमटला, तर केबल, पोर्ट आणि मॉनिटर बहुधा धडधाकट आहेत. लोगो नाही दिसला तरी लगेच घाबरू नका, काही लॅपटॉप तो फक्त स्वतःच्याच स्क्रीनवर दाखवतात. माझ्याकडे लोगो व्यवस्थित आला आणि लॉगिनच्या वेळी अंधार झाला. म्हणजे गडबड ग्राफिक्स ड्रायव्हरची, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारं हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे, त्यानं जुना ड्रायव्हर परत आला आणि मॉनिटरही. ते बटण पुसट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर मशीनवर उरलेला नाही. मग लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा उतरवून घ्या.

लिहिताना केबल कुठली, मध्ये डॉक (एका केबलनं मॉनिटर, कीबोर्ड वगैरे लॅपटॉपला जोडणारी पेटी) आहे का, हे जरूर सांगा. त्याशिवाय कुणालाच नेमकं काही सुचवता येत नाही.

*

माझ्याकडे चित्र आलं, पण माउस अडखळत फिरायचा आणि खिडकी सरकवली की डोळे दुखायचे. 4के मॉनिटर, एचडीएमआय केबल. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये पाहिलं तर रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं ते, 30 हर्ट्झवर आलेला, आधी 60 होता. यादीतून 60 निवडलं, संपलं. यादीत 60 नसेलच तर पोर्ट, केबल, डॉक यांतलं काहीतरी जुनं असावं: एचडीएमआय 1.4 वर 4के 30 हर्ट्झपर्यंतच जातं, 60 साठी 2.0 लागतं.

*

डॉकवाल्यांनी आधी आपला डॉक कुठल्या जातीचा ते पाहावं. काही डॉक यूएसबी-सी मधून येणारा व्हिडिओ सिग्नल नुसता पुढे देतात. काहींत वेगळी चिप असते, तिथे चित्र डेटा म्हणून यूएसबीवरून जातं आणि त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. माझा दुसऱ्या प्रकारचा. अपडेटनंतर डॉकवरचा कीबोर्ड चालू, नेटवर्क चालू, दोन्ही मॉनिटर बंद! ग्राफिक्स ड्रायव्हर कितीही बदलला तरी फरक पडेना, कारण बिघाड तिथे नव्हताच. डॉकच्या चिपचा नवा ड्रायव्हर टाकला आणि दोन्ही मॉनिटर लागले.

*

लिनक्सवर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपडेट झाला आणि बाहेरची स्क्रीन गेली. नव्या कर्नलसाठी ग्राफिक्सचं मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर) तयारच झालं नव्हतं. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडला की सगळं ठीक, त्यामुळे कारण लगेच कळलं. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही आहे का तेही तपासा.

*

मी फोटोंवर काम करते. माझा मॉनिटर काळा नाही पडला, रंग बिघडले. काळा रंग राखाडी, त्वचेचे टोन मातकट. यात दोन गोष्टी बघाव्या लागल्या. अपडेटनं एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारा मोड) चालू केलं होतं, ते बंद केलं. तरी काळा खोल होईना. मग ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये सापडलं की आउटपुट 'लिमिटेड', म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्या 16 ते 235, जात होतं आणि मॉनिटर 0 ते 255 धरून बसला होता. 'फुल' केल्यावर फोटो पूर्ववत झाले. अशा अवस्थेत रंग दुरुस्त करून फाइल कुणाला पाठवली तर सगळं काम वाया जातं, म्हणून अपडेटनंतर ओळखीचा एक फोटो उघडून पाहाच.

*

वर लोगोचं लिहिलंय, त्याला जोडून: मॉनिटर भिंतीच्या सॉकेटमधून काढून काही मिनिटं तसाच ठेवा. पडद्याचं बटण बंद करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे. मॉनिटर आपली माहिती, कुठलं रेझोल्यूशन चालतं वगैरे, ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीतून संगणकाला कळवतो. ती वाचली गेली नाही तर मॉनिटर सापडत नाही किंवा 1024 बाय 768 वर अडकतो. आमच्याकडे एवढ्यानंच काम झालं, अपडेटशी त्याचा संबंध निव्वळ रीस्टार्टपुरता होता.

*

माझी नजर अधू आहे. मोठा मॉनिटर नसेल तर माझं काम थांबतं, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फार महत्त्वाचा. दोन शॉर्टकट पाठ करून ठेवा, काही न दिसताही चालतात: विंडोज की आणि पी दाबून स्क्रीन कुठे दाखवायची ते निवडता येतं, विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. मोठ्या अपडेटनंतर काहीच जमलं नाही तर विंडोजच्या सेटिंगमध्ये रिकव्हरीखाली आधीच्या विंडोजवर परत नेणारं 'गो बॅक' आहे, पण ते साधारणपणे 10 दिवसच मिळतं. तोवर डिस्क साफ करताना आधीच्या विंडोजच्या फाइल्स पुसू नका, त्या गेल्या की परतीची वाटही बंद होते.