प्रतिसाद: ताझिये आणि इराणी सिनेमा

मुस्लिम समाजात नाटक नव्हतंच, इराणी सिनेमा पश्चिमेकडून आयता आला, असं इथं कुणीतरी लिहिलंय, ते मत मला अजिबात पटत नाही. इराणात मोहरमला ‘ताझिये’ सादर होतं, म्हणजे पैगंबरांचे नातू इमाम हुसेन ज्या करबलाच्या लढाईत मारले गेले, तिचं पद्यनाट्य. हुसेनांच्या पक्षातले हिरव्या वेषात, आणि ते गातात! शत्रुपक्ष तांबड्यात, त्यांना गाणं नाही, नुसती दरडावणी. २०१० साली युनेस्कोनं त्याला वारसा मानलं. इराणी सिनेदिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींनी ते रंगमंचावर आणलं तेव्हा मोठ्या पडद्यांवर गावाकडच्या प्रेक्षकांचे चेहरे दाखवले. केवढी मोठी कल्पकता!

आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगावला मोहरममध्ये उंच ताबुतांच्या (हुसेनांच्या कबरीच्या प्रतिकृतींच्या) भेटी होतात, त्यात हिंदूही मनापासून असतात. तिथं नाटक नाही, पण माना वर करून बघणाऱ्या त्या गर्दीवर कुणीतरी मराठीत सिनेमा करायलाच हवा.