एसटी नफ्यात चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

कट्टेकरी: एसटीच्या तोट्याची बातमी आली की आमच्या कट्ट्यावर एकच औषध निघतं: खाजगी कंपनीसारखी चालवा, तोट्यातल्या फेऱ्या बंद करा. ट्रॅव्हल्सवाले कमावतात, मग लालपरीलाच काय धाड भरलीये? आतल्या माणसाने सांगावं.

जुना वाहक: सांगतो. पाटणच्या वरच्या अंगाला एक मुक्कामी गाडी माझ्याकडे होती. रात्री मी आणि ड्रायव्हर देवळात पथारी टाकायचो, सकाळी सहाला गाडी सुटायची. पाय ठेवायला जागा नसायची! कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या. पण बॅगेत रोकड किती? चिल्लरच जास्त. पोरांकडे सवलतीचा पास, शाळेच्या मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेतला फुकट पास. दुपारची फेरी रिकामी. डेपोत उत्पन्नाचा कागद निघाला की पहिली कात्री हिच्यावर.

ही गाडी पुणे गाडीच्या कमाईवर चालायची. ट्रॅव्हल्सवाला नेमकी तीच मलई खातो, दिवाळीत भाडं वाढवून. त्याला म्हणावं, त्या देवळात मुक्कामी ये.

आता तोटा. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. झकास झालं, गाड्या भरल्या. पण उरलेले पैसे सरकारने भरायचे असतात. ते लांबले की डिझेलची उधारी एसटीच्या बोडक्यावर. वर तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर! धंदाच करायचा म्हणता ना, मग आधी सरकार नावाच्या या गिऱ्हाइकाची उधारी बंद करा.

शिस्त हवीच, टायरपासून स्पेअरपार्टपर्यंत. (स्टँडवरच्या मुताऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.) पण गाडी कुठल्या गावाला जायची, हे गल्ला बघून ठरवू नका.

मँचेस्टरवासी: इथे १९८६ ला बस कंपन्यांना मोकळं सोडलं होतं. कमाईचा मार्ग असेल तिथे झुंबड, बाकी आनंद. जानेवारी २०२५ पासून सगळ्या बस पुन्हा सार्वजनिक ताब्यात आहेत. गाड्या कंत्राटदारच चालवतात, पण मार्ग, वेळ आणि भाडं तो ठरवत नाही.

कट्टेकरी: पटतंय. पण दुपारी चार माणसांसाठी एवढं मोठं धूड कशाला? वडाप आहे की, खाजगी जीप.

जुना वाहक: वडाप भरल्याशिवाय हलत नाही. पेपरच्या दिवशी पोराने काय करायचं? दुपारी मिनी बस द्या, माझी ना नाही. पण ठरल्या वेळेला सुटली पाहिजे, भरो न भरो.

कट्टेकरी: आमच्या गावची फेरीही गेल्या पावसाळ्यात बंद केली, ती अजून बंदच. दाद कुठे मागायची?

जुना वाहक: आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज करा, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. पासवाल्या पोरांची यादी लावायला विसरू नका, रोकडीच्या हिशोबात ती दिसत नाहीत. आणि पोच घ्या.