कमी पैशांत घरी आर्केड कंट्रोलर : दादाचा डावा अंगठा चालत नाही, काठीऐवजी बटणं चालतील का?

धाकटा

माझ्या दादाच्या डाव्या अंगठ्याची कंडरा दोन वर्षांपूर्वी काम करताना तुटली. शस्त्रक्रिया झाली, बाकीची चार बोटं उत्तम चालतात, पण अंगठा पुरता आत वळत नाही. गेमपॅडवर दिशांचं सगळं काम डाव्या अंगठ्याकडे असतं, त्यामुळे त्याने खेळणंच सोडून दिलं. आम्ही दोघं लहानपणापासून स्ट्रीट फायटर २ हा मारामारीचा गेम खेळत आलोय. आता मी एकटा खेळतो आणि तो शेजारी बसून "आता खाली वाक, आता मार" असं सांगत असतो. त्याला असं नुसतं बघत बसलेलं मला बघवत नाही.

तयार आर्केड स्टिक पाहून झाल्या. त्या घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत आणि पुढच्या काही महिन्यांतही नसतील. घरात आहे ते असं : कॉलेजच्या प्रोजेक्टमधून उरलेला एक रास्पबेरी पाय पिको (बोटाएवढा, चिप असलेला सर्किट बोर्ड), एक जुना यूएसबी कीबोर्ड, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि जुन्या शेल्फच्या १२ मिलिमीटर प्लायच्या फळ्या. थ्री-डी प्रिंटर नाही. सोल्डरिंग थोडंफार येतं.

मला विचारायचंय ते हे. जॉयस्टिकची काठी हाच सगळ्यांत महाग भाग दिसतोय. ती स्वस्तातली घ्यावी, की घरी करता येते? दादाला काठी मुठीत धरता येते, पण पाचेक मिनिटांत मनगट दुखायला लागतं. आणि जुन्या कीबोर्डचं सर्किट वापरलं तर पिकोचीही गरज नाही असं एकाने सांगितलं, ते खरं का?

जुना_कीबोर्ड

खरं आहे, मी केलंय. कीबोर्ड उघडला की आत एक छोटी पट्टी निघते, तिच्यावर चिप असते आणि दोन प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यांची टोकं तिला टेकलेली असतात. कोणती दोन टोकं जोडली की कोणतं अक्षर उमटतं, ते वायरच्या तुकड्याने एकेक करून शोधायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. मग त्या टोकांना बटणं जोडायची.

मी ॲस्टेरॉइड्ससाठी बनवला होता. १९७९चा अटारीचा तो मूळ गेम काठीशिवायच आहे : डावीकडे वळ, उजवीकडे वळ, पुढे जोर, गोळी आणि हायपरस्पेस, अशी फक्त पाच बटणं. पाच बटणांना कीबोर्डची चिप पुरली. खर्च फक्त बटणांचा.

पुठ्ठेकाम

कीबोर्डची युक्ती पाच बटणांच्या गेमला चांगली, पण धाकटा, तुमच्या कामाला मी ती सुचवणार नाही. कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र वायर नसते, आडव्या आणि उभ्या ओळींची जाळी असते. त्या जाळीत एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकाच वेळी दाबले गेले की चौथाही दाबलाय असं चिपला वाटतं, किंवा ती तिसरी कळ सरळ सोडून देते. स्ट्रीट फायटरमध्ये खाली आणि पुढे धरून ठोसा मारायचा म्हणजे तीन बटणं एकदम आलीच. ऐन मोक्याला ठोसा उमटणार नाही आणि दादाला वाटेल आपला हातच चुकतोय. ते नको. शिवाय त्या पट्टीवरच्या संपर्काच्या जागा बऱ्याचदा कार्बनच्या असतात, त्यांवर सोल्डर धरत नाही. पिको घरात आहे ना, मग तोच वापरा.

आता काठीचं. काठी घेऊच नका. काठी म्हणजे आत चार स्विच आणि त्यांना आळीपाळीने ढकलणारा एक दांडा. त्याऐवजी चार बटणं लावली की तोच निरोप चिपपर्यंत जातो. अशा बिनकाठीच्या कंट्रोलरवर फायटिंग गेम खेळणारे पुष्कळ जण आहेत. तुमच्या दादासाठी तर ही मांडणी मापात बसते. डाव्या हाताची अनामिका डाव्या दिशेवर, मधलं बोट खाली, तर्जनी उजव्या दिशेवर. उरली उडी, म्हणजे वरची दिशा. ते बटण खोक्याच्या वरच्या पट्टीच्या मधोमध, खालच्या कडेला असतं आणि कोणत्याही अंगठ्याने दाबलं तरी चालतं. उजव्या हाताची चार बोटं ठोसे-लाथांवर असतात, त्या हाताचा अंगठा मोकळाच असतो. उडी त्याला द्या. डाव्या अंगठ्याला काहीच काम उरत नाही. मनगटही टेकलेलं राहतं, वळवावं लागत नाही.

हदोकेनसाठी, म्हणजे हातातून उर्जेचा गोळा फेकण्याच्या डावासाठी, काठी खालून पुढे फिरवावी लागते. बटणांवर ते असं होतं : खालचं दाबून ठेवा, पुढचं दाबा, खालचं सोडा, ठोसा. पहिले दोन दिवस बोटं अडखळतात. मग ती लय अंगात बसते आणि हात बघावा लागत नाही.

एकूण बारा बटणं लागतील. चार दिशा, तीन ठोसे, तीन लाथा, स्टार्ट आणि सिलेक्ट. पैसे जिथे घालायचे ते इथेच घाला, खोक्यावर नाही. दिशा आणि ठोसे-लाथांची दहा बटणं ३० मिलिमीटरची, हलक्या दाबाची, मागे दोनच पाय असलेली घ्या. स्प्रिंग जड असलेली अमेरिकी धाटणीची बटणं दणकट असतात, पण तासभर दाबली की बोटं थकतात आणि दुखावलेल्या हाताला ते आधी जाणवतं. स्टार्ट-सिलेक्टला कुठलीही चालतील.

प्लायबद्दल एक गोष्ट वेळेत सांगते, कारण मी याच चुकीत एक फळी वाया घालवली. चाप लावून बसणारी बटणं दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या पट्टीसाठी असतात. १२ मिलिमीटर प्लायमध्ये त्यांचे चाप अडकतच नाहीत, बटण वर-खाली डुलत राहतं. तुमचा प्लाय चार बाजू आणि तळाला वापरा. वरची पट्टी ३ मिलिमीटर हार्डबोर्डची करा, जुन्या कपाटाच्या पाठीला असतो तसला. दोन हातांच्या मधे खालून प्लायची एक उभी पट्टी टेकू म्हणून द्या, नाहीतर जोरात दाबल्यावर पृष्ठभाग लवतो.

पण त्याच्याही आधी पुठ्ठा! बुटाचा खोका घ्या, झाकणाला आतून पुठ्ठ्याचा एक जादा थर चिकटवा. दादाला डोळे मिटून दोन्ही हात त्यावर सहज ठेवायला सांगा, जोर न लावता, आणि बोटांची टोकं जिथे टेकतील तिथे पेन्सिलने खूण करा. नेटवरची तयार मांडणी दुसऱ्याच्या हाताची असते. ३० मिलिमीटरच्या दोन बटणांच्या केंद्रांत मी साधारण ३६ मिलिमीटर ठेवते, पण खुणा वेगळं सांगत असतील तर खुणांचं ऐका. पुठ्ठ्यावर आठवडाभर खेळा. भोक चुकलं तर दुसरं पाडा, त्यात काहीच जात नाही.

वायरिंग दिसतं तेवढं किचकट नाही. प्रत्येक बटणाचा एक पाय ग्राउंडला, दुसरा पिकोच्या स्वतःच्या पिनला. ग्राउंडसाठी बारा वायर ओढू नका. एकच लांब वायर घ्या, बटणाबटणापाशी थोडं आवरण सोला आणि ती एका पायावरून दुसऱ्यावर माळेसारखी न्या. रेझिस्टर लागत नाहीत, पिकोच्या आतच ती सोय आहे. फर्मवेअर, म्हणजे पिकोच्या आत चालणारा प्रोग्रॅम, जीपी२०४०-सीई घ्या, मोफत आहे. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी लावलं की संगणकावर पेन ड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसतो, त्यात फर्मवेअरची यूएफ२ फाइल टाकायची, झालं. पिकोच्या पिनांना जीपी आणि क्रमांक अशी नावं असतात. फर्मवेअरच्या मूळ मांडणीत जीपी२ म्हणजे वरची दिशा, जीपी३ खालची, जीपी४ उजवी, जीपी५ डावी.

एक सेटिंग विसरू नका. काठी एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही, बटणं मात्र दोन्ही दाबली जाऊ शकतात. स्टार्टचं बटण धरून यूएसबी लावा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ उघडा. तिथे समोरासमोरच्या दिशा एकत्र आल्या तर काय करायचं ते विचारलेलं असतं, त्यात न्यूट्रल निवडा, म्हणजे दोन्ही दाबल्या तर कुठेच जात नाही.

जुना_कीबोर्ड

पुठ्ठेकाम यांचं पटलं. तीन बटणांचा घोळ मला जाणवला नव्हता, कारण माझ्या गेममध्ये तेवढी एकदम दाबावीच लागत नव्हती. हार्डबोर्डला भोकं पाडताना खाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट आवळून ठेवा आणि ड्रिल हळू फिरवा, म्हणजे मागची कड फुटत नाही. ३० मिलिमीटरचा होल सॉ (ड्रिलला लावायचं गोल करवतीचं पातं) कुणाकडे उसना मिळाला तर उत्तम. नाहीतर वर्तुळाच्या आतल्या कडेने बारीक भोकं पाडून मधला भाग काढा आणि गोल कानसीने घासा. बटणाची कड भोकाबाहेर येते, थोडं वाकडंतिकडं झालं तरी झाकलं जातं. नाका-तोंडावर मास्क हवाच.

धाकटा

ताई, सगळं वाचून दादालाही दाखवलं. पुठ्ठ्याचा खोका झाला! बटणं आणली, पण पैसे वाचवायला दहाच घेतली. स्टार्ट-सिलेक्टसाठी मित्राकडची दोन जुनी, आट्याची मोठी बटणं लावली.

तीन अडचणी आहेत. एक, काल पिको लावला की संगणकाला तो दिसायचाच नाही. दुसरी वायर लावल्यावर दिसला. फर्मवेअर गेलं, पण असं का झालं ते कळलं नाही. दोन, स्टार्ट सतत दाबलेलाच दिसतो, मी हात लावला की उलट सुटतो. तीन, वरची आणि खालची दिशा अजिबात चालत नाही, उजवीकडे दाबलं की उडी मारतो, डावीकडे दाबलं की खाली वाकतो. सोल्डर तीनदा तपासलं.

पुठ्ठेकाम

सोल्डर ठीक असणार, त्याला आता हात लावू नका.

पहिली वायर फक्त चार्जिंगची असणार. तिच्यात वीज वाहून नेणाऱ्या दोनच तारा असतात, माहितीच्या दोन नसतात. तिच्यावर खूण करून बाजूला ठेवा, नाहीतर पुन्हा हाताला तीच लागेल.

स्टार्टच्या जुन्या बटणाखाली मायक्रोस्विच आहे, त्याला तीन पाय असतील. कॉमन, एनओ (एरवी सुटा) आणि एनसी (एरवी जोडलेला). तुम्ही कॉमन आणि एनसी जोडलंय. ते जोडलेलंच असतं आणि दाबल्यावर सुटतं. वायर एनओवर न्या. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून बघा, दाबल्यावरच बीप वाजली पाहिजे.

तिसरं : तुम्ही पिकोच्या कडेने पिना मोजल्यात. जीपी क्रमांक आणि कडेने मोजलेला क्रमांक वेगळे असतात. तिसरी पिन ग्राउंड आहे आणि जीपी२ ही चौथी पिन आहे. त्यामुळे तुमचं खालचं बटण ग्राउंडवर गेलंय आणि उजवं बटण वरच्या दिशेच्या पिनवर. पिकोच्या पिनांच्या नकाशात जीपी२ चौथी, जीपी३ पाचवी, मग जीपी४ सहावी, जीपी५ सातवी, आणि आठवी पुन्हा ग्राउंड. चारही वायर सोडवून या क्रमाने लावा. नकाशा छापून खोक्याच्या आत चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी शोधावं लागणार नाही.

धाकटा

तिन्ही अडचणी सुटल्या. मी खरंच कडेने मोजत होतो.

काल रात्री दादा खेळला. पहिला अर्धा तास त्याला एकही हदोकेन निघाला नाही. तो काही बोलत नव्हता, मीही बोललो नाही. मग एक निघाला, आणि नंतर लागोपाठ तीन. साडेअकराला आईने दिवा बंद केला तेव्हा तो स्क्रीनच्या उजेडात खेळत होता.

एक बदल करावा लागला. उडीचं बटण उजव्या अंगठ्याला फार जवळ होतं, जोरात लाथ मारताना तळव्याची कड लागून गेममधला खेळाडू आपोआप उडायचा. बोटाच्या पेराएवढं खाली नवं भोक पाडलं आणि जुन्यावर पुठ्ठ्याचं ठिगळ लावलं. आता नीट आहे. खोका हलका असल्याने टेबलावर सरकत होता, म्हणून तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे चिकटवले आणि आत एक फरशीचा तुकडा ठेवला.

हार्डबोर्ड मिळालाय. आणखी तीन-चार दिवस पुठ्ठ्यावरच खेळू, मग दादा स्वतः खुणा उतरवून घेणार आहे. होल सॉ मीच धरीन, पण भोकं कुठे ते त्याने ठरवायचं असं आमचं ठरलंय.