पन्नाशीत काम सुटलेल्या पुरुषांना सरकारनं पैसे द्यावेत का?

रामबागकर: आपल्या मध्य प्रदेशात लाडली बहना योजनेचे महिन्याचे पैसे 21 ते 60 वयाच्या बायकांसाठी. वृद्धांची पेन्शन साठीनंतर, तीही गरिबी रेषेखाली असाल तर, 600 रुपये. मग पीथमपूरच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबून 53 व्या वर्षी कंबर धरून बसलेल्या माणसानं मधली सात वर्षं काय करायचं? अटल पेन्शनमध्ये चाळिशीनंतर शिरता येत नाही. राज्यानं अशांना महिन्याला ठरावीक रक्कम द्यावी.

हिशेबी: पीएफ कापला असेल ना? दहा वर्षं भरली असतील तर पन्नाशीनंतर ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, पेन्शन आधी उचलता येते.

रामबागकर: येते की! पूर्ण पेन्शन 58 व्या वर्षी; त्याला जितकी वर्षं कमी, तितके चार-चार टक्के कमी, तेही जन्मभर. पगार 15000 आणि नोकरी 14 वर्षं धरा. ईपीएसच्या सूत्रानं 15000 गुणिले 14 भागिले 70, म्हणजे 3000. 53 ला उचलली तर अडीच हजारांच्या आत. यात इंदुरात खोलीचं भाडं तरी निघेल का, भिया?

परदेशीपुरावाला: माझा साफ विरोध. इंदूरची हुकुमचंद कापड मिल 1992 ला बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचा 224 कोटींचा चेक निघाला 25 डिसेंबर 2023 ला. तोवर कितीजण गेले. ते काही भीक मागत नव्हते, स्वतःचेच पैसे मागत होते. भत्ता सुरू झाला की ठेकेदार पन्नाशीचा माणूस बिनधास्त काढणार, वर म्हणणार, 'जा, सरकार देतंय.' आधी ग्रॅच्युइटी वसूल करून द्या.

रामबागकर: दादा, वसुलीला तीस वर्षं लागतात हे तुम्हीच सांगताय. तोवर चूल कशी पेटवायची?

सुदामानगरची काकू: बायको पेटवते, अजून कोण! पन्नाशीत चार घरची पोळ्यांची कामं करते, आणि लाडली बहनाचे पैसे यांच्याच औषधांत जातात. देणार असाल तर तिच्या खात्यात द्या. यांच्या हातात नको, कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

हिशेबी: काकूंना अनुमोदन.

मंडीतला मुनीम: वय कशाला बघता, शरीर बघा. दिव्यांग पेन्शनला 40 टक्क्यांचा दाखला लागतो. पोती उचलून मणका गेलेल्या हमालाला तो सहसा मिळत नाही, आणि कामावरही कुणी घेत नाही. तिथली अट सैल करा, नवी योजना नकोच.

परदेशीपुरावाला: अट सैल केली की दाखल्यांचे दलाल उभे राहतील.

मंडीतला मुनीम: ते आजही आहेतच, साहेब. नडतो तो फक्त हमाल.