त्यांना परी म्हणू नका हो!

कैरीची फोड
घाटमाथा यांनी काल लिहिलं: 'त्रयीतलं दुसरं पुस्तक म्हणजे एसटीचा थांबा. उतरा, चहा प्या, परत बसा. त्यात पऱ्यांची गोष्ट, आणि वाचणाऱ्या चाळिशीच्या!' रात्रभर डोक्यात भुणभुणत होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

वय ४३. होली ब्लॅकचं 'द क्रुएल प्रिन्स' (२०१८) लेकीच्या कपाटातून उचललं. बरं वाटलं, इतकंच. 'द विकेड किंग' (२०१९) मात्र दोन रात्रींत संपवलं आणि नवऱ्याच्या डब्यात नुसत्या पोळ्या गेल्या. पहिल्यात ज्यूड, पऱ्यांच्या राज्यात वाढलेली माणसाची पोर, सत्ता मिळवते, दुसऱ्यात ती टिकवायची असते. तिथला राजपुत्र कार्डन गादीवर बसलाय, पण वर्ष आणि एक दिवस तिचा हुकूम पाळायच्या वचनात अडकलाय. पुस्तक उघडतं तेव्हा त्यातले पाच महिने उडालेले. त्या लोकांना खोटं बोलता येत नाही आणि हिला येतं, हेच हिचं भांडवल. रोज थोडं थोडं विष पोटात घेऊन ते पचवायला शिकलेली पोरगी ती! समुद्राखाली कैदेत असताना मोहिनी पडल्याचं सोंग वठवते, ती प्रकरणं वाचताना मी श्वास घेतला नसेल. म्हणे थांबा!

घाटमाथा
ताई, डब्याबद्दल दिलगीर. पण तुम्ही सोयीचं तेवढं सांगितलंत. तो कार्डन पहिल्या पुस्तकात तिचा छळ करतो, आणि दुसऱ्यात आपण त्याच्यावर भाळायचं? माझ्या भाचीला शिकवणीतला एक मुलगा वर्षभर असाच छळत होता. मैत्रिणी म्हणायच्या, 'आवडतेस त्याला.' शेवटी तिने शिकवणी सोडली. त्याच्या डोक्यावर मुकुट नव्हता, एवढाच फरक.

कैरीची फोड
भाचीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण दुसऱ्या पुस्तकात दोरी ज्यूडच्या हातात आहे, आणि ती ती निर्दयपणे ओढते. भाळायला कुणी सांगितलं नाही.

पाणवठा
मुख्य चर्चा चालू द्या, पण 'पऱ्या' म्हणणं आधी बंद करा! परी म्हटलं की स्नेहसंमेलनातली चंदेरी कागदाचे पंख लावलेली पहिलीतली मुलगी दिसते. इथे ज्यूडला वाढवणारा मॅडॉक हा रेडकॅप आहे, रक्तात टोपी बुडवणारा. त्याला काय परा म्हणणार?

ऱ्हस्वदीर्घ
परी हा मूळ फारसी शब्द, त्याला चंदेरी कागद आपण चिकटवला. आपला शब्द हवाच असेल तर यक्ष. वनपर्वात आठवा: तळं माझं, आधी उत्तरं दे, मग पाणी पी. चार पांडवांनी ऐकलं नाही, चौघे आडवे. अटीवर जगणारे लोक ते हेच.

पाणवठा
यक्ष फार संस्कृत झाले. आमच्या कोकणात आजी सांगायची, तिन्हीसांजेला विहिरीवर जाऊ नका, आसरा असतात. नाव घेतानाही आवाज खाली. रात्री सापाला साप न म्हणता लांबडं म्हणायचं, तसंच. आयर्लंडकडचे लोकही त्यांना 'भली माणसं' म्हणायचे, भीतीपोटीच! हे भय 'यक्ष' शब्दात कुठाय?

ऱ्हस्वदीर्घ
आजीचा दाखला हा पुरावा नव्हे. आसरा सात आणि पाण्यातल्या. जमिनीवरच्या दरबाऱ्यांना आसरा म्हणाल?

पाणवठा
तुम्हाला विहीर माहीत नाही, नळ माहीत आहे. सोडा.

संत्रानगरी
यक्षाला माझं मत. आमच्या रामटेकचा, ढगाशी बोलणारा यक्ष वर्षभर हद्दपार होताच की. इथेही शेवटी कार्डन ज्यूडशी लग्न करतो आणि तिलाच माणसांच्या जगात हद्दपार करतो. जुळतं ना?

मधलं पान
अहो!!! मी पान २०० वर आहे! कालिदासाच्या नावाखाली शेवट फोडलात?

संत्रानगरी
पुस्तक २०१९चं आहे जी. मेघदूत तर त्याहून बरंच जुनं, त्याचाही शेवट सांगू नये का?

मधलं पान
किती ते विनोदी. मी चार महिने वाट पाहून वाढदिवसाला मिळवलं होतं. आता उरलेली पानं तुम्हीच वाचा.

कैरीची फोड
मधलं पान, रागवा, पण वाचाच. ती हद्दपारी ज्या शब्दांत सुनावलीय ते शब्द नीट बघा. खोटं न बोलता फसवायचं कसं, ते तिथे आहे. जास्त सांगत नाही. (संत्रानगरी, तुम्हीही गप्प बसा.)

घाटमाथा
मी छळाबद्दल विचारलं होतं आणि इथे विहिरी मोजताय. असो. वचनाचे महिने सरत जातात ही कल्पना चांगली आहे, हे कबूल. भाळण्याबद्दलचं मत तेच. शुक्रवारी पुणे-नागपूर रात्रीची गाडी आहे, तेवढ्यात दुसरं वाचून टाकतो. कुणाकडे आहे?

कैरीची फोड
म्हणजे तुम्ही दुसरं वाचलेलंच नाही?

घाटमाथा
पहिल्याची दीडशे पानं वाचलीत. भाताचं एकच शीत चाचपतात.

कैरीची फोड
लेक द्यायला तयार आहे. म्हणते, काकांना सांग, पानं दुमडायची नाहीत आणि चहा प्यायला थांब्यावर उतरताना पुस्तक सीटवर ठेवायचं नाही.