फोन बोलून दाखवतो, मग प्रौढ साक्षरता वर्ग कशाला?

दांडेकरपूल
आमच्या वस्तीत रात्री नऊला साक्षरता वर्ग भरतो. केंद्राच्या 'उल्लास' कार्यक्रमातला, १५ वर्षांवरच्या असाक्षरांसाठी. शिकवणारे स्वयंसेवक, बिनमानधनाचे. त्यांच्याबद्दल आदर आहे, तरी माझा या वर्गाला विरोध आहे. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला बाराखडी गिरवायला बसवणं मला पटत नाही. फोनला मराठीत विचारलं की तो मराठीत सांगतो, आलेला मेसेज वाचून दाखवतो. तोच तास फोन नीट वापरायला, ओटीपी कुणाला न द्यायला शिकवा. उद्यापासून उपयोगी पडेल.

पाटीपेन्सिल
मी असाच वर्ग घेते, पर्वतीच्या पायथ्याशी. माझ्याकडच्या एका मावशींचं सांगते, वय ५२. बँकेत पैसे काढायची स्लिप सून भरायची, त्यामुळे शिल्लक किती ते घरात सगळ्यांना ठाऊक. मुलगा पितो. महिना संपायच्या आत पैसे मागायला उभा. फोन मोठ्याने वाचून दाखवतो हीच त्यांची अडचण आहे हो! दहा बाय दहाच्या खोलीत फोन बोलला की सगळ्यांनी ऐकलं. पासबुक मात्र त्या आता गुपचूप वाचतात.

आणि आम्ही 'अ'पासून सुरुवात करत नाही. आधी स्वतःचं नाव, मग बसच्या पाट्या. स्वारगेटला पहिलंच जोडाक्षर, कात्रजलाही मध्ये 'त्र', म्हणून ती मागे ठेवली. 'हडपसर' घेतलं. काना नाही, मात्रा नाही, पाच सरळ अक्षरं. मावशींना 'ड' आणि 'ह' यांत फरक दिसायला आठवडा लागला. घासणीची सवय झालेल्या बोटांत पेन्सिल ठरत नव्हती, म्हणून आधी फळ्यावर मोठ्या खडूने गिरवून घेतलं. एका सकाळी बस आली नि कुणाला न विचारता त्या चढल्या. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

दांडेकरपूल
पासबुकाचं मान्य, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण परीक्षेचं काय? १५० गुण, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. आमच्याकडे परीक्षा झाली आणि वर्गच बंद पडला. प्रमाणपत्र ट्रंकेत गेलं. आकडा भरला, बाई तिथेच राहिली. याला शिक्षण म्हणायचं का?

जुना फळा
परीक्षेबद्दल तुमचं बरोबर आहे, वर्गाबद्दल नाही. याच पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याला शिकायचं असतं, हे त्यांनी तेव्हा ओळखलं. मी रात्रशाळेत बावीस वर्षं शिकवलं. नवी शिकलेली अक्षरं वाचायला काही मिळालं नाही तर वर्षभरात पुसली जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमातही वर्ग उघडायची घाई होती, पुढच्या वाचनाची सोय तोकडी. ठळक टाइपातली पातळ पुस्तकं वस्तीत पोचवा. परीक्षेनंतरचं वर्ष हेच खरं वर्ष.

कोथरूडची लेक
माझी आई धुणीभांडी करते. तिच्या वतीने सगळे बोलताय म्हणून लिहिते. तिला फोनही शिकायचाय आणि वाचायलाही. यांतलं एकच घे असं तिला सांगणारे आपण कोण? आठ दिवस वर्गाला गेली, मग सोडलं. कंटाळून नाही. आमच्याकडे रात्री नऊलाच पाणी येतं. वर्गाची वेळ ठरवताना तिला कुणी विचारलंच नाही.

दांडेकरपूल
फोन आधी, या मतावर मी अजून आहे. पण वेळेचं ऐकून वाईट वाटलं. आमच्या वस्तीतल्या बायकांना मीही कधी विचारलं नव्हतं.

पाटीपेन्सिल
@कोथरूडची लेक, दुपारची कामं संपून संध्याकाळची सुरू व्हायच्या आधी, अडीच ते साडेतीन? तुमच्या बाजूला घ्यायला माझी मैत्रीण तयार आहे. आईंना विचारून सांगा. फोनही घेऊन या म्हणावं.